मराठी बायबल कोणतं घ्यायचं? साष्टीपासून सुरू होणारा एक शोध

संशोधनाच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो : ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीतून अभ्यासायचा आहे, तर कोणती पुस्तकं घेऊ? कुणाचा विषय भाषांतराचा असतो, कुणाचा मुंबईतल्या गावठाणांचा. कुणी स्वतःच्या श्रद्धेपोटी वाचत असतं आणि त्यातून प्रबंधाचा विषय निघतोय का, हे चाचपत असतं. सगळ्यांना हवी असते ती एक यादी. यादी मी देणार आहे, पण शेवटी. ती आधी दिली तर तुम्ही थेट खरेदीला जाल आणि खरा प्रश्न मागेच राहील.

मी मूळचा विज्ञान शाखेचा. एमएस्सीला असताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : सॅम्पल कसं गोळा झालं हे माहीत नसेल, तर त्यावरून काढलेला निष्कर्ष कितीही नेटका दिसला तरी त्यावर विसंबू नये. आता इतिहासाचं काम करताना तीच गोष्ट रोज उपयोगी पडते. कारण पुस्तकांचं कपाट हेही एक सॅम्पलच असतं. कुणीतरी काहीतरी छापलं, त्यातलं काही टिकलं, टिकलेल्यापैकी काही आपल्या हाती आलं. उरलेलं कपाटात नाही, म्हणून ते कधी नव्हतंच असं आपण नकळत धरून चालतो.

मराठी ख्रिस्ती वाचनाच्या बाबतीत नेमकं हेच होतं. या इतिहासातला एक मोठा समाज धर्मग्रंथ डोळ्यांनी वाचत नव्हता, कानांनी ऐकत होता. आणि तो समाज लांब कुठे नव्हता. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या जुन्या गावठाणांत होता. नुसत्या छापील बायबलांनी कपाट भरलं, तर हा समाज तुमच्या प्रबंधातून गायब होतो, आणि मार्गदर्शकांच्याही ते लक्षात येईलच असं नाही.

आधी दोन साष्टी वेगळ्या करा

पहिला गोंधळ नावाचा. ‘साष्टी’ नावाचे दोन प्रदेश आहेत. एक गोव्यातला, मडगाव आणि रायतूर (राशोल) ज्यात येतात तो. दुसरी साष्टी म्हणजे मुंबई शहराच्या उत्तरेचं बेट, ज्यावर आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरं वसली आहेत. पोर्तुगीज कागदपत्रांत आणि त्यांवर आधारलेल्या इंग्रजी पुस्तकांत दोन्हींची नावं जवळजवळ सारखी दिसतात. संदर्भ गोव्याचा की मुंबईचा, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

दोघींचा राजकीय इतिहासही वेगळा आहे. उत्तरेची साष्टी १५३४ च्या तहाने वसईबरोबर पोर्तुगीजांकडे गेली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत म्हणजे १७३९ पर्यंत ती मराठ्यांनी घेतली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. गोव्याची साष्टी १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे एकीकडची चर्चव्यवस्था एका राजवटीखाली सलग चालत राहिली, तर दुसरीकडची तीन राजवटी बदलत जगली. पुस्तकं कुठे छापली जातील, कुणाच्या परवानगीने, कोणत्या लिपीत, हे सगळं त्यावर ठरलं.

उपनगरांत या इतिहासाच्या खुणा अजून आहेत. अंधेरीला सीप्झच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेलं हे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडून द्यावं लागलं. बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यांच्या वरच्या अंगाला फ्रान्सिस्कनांच्या जुन्या बांधकामाचे अवशेष दिसतात. तिथल्या आयसी कॉलनीचं नावच मुळी ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ या चर्चवरून आलेलं. गावठाणांतले जुने क्रूस तर रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहेत. इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. घरातली बोली मात्र मराठीचीच एक बोली होती आणि आहे.

मग प्रश्न असा : १५७९ पासून १८४० पर्यंत अंधेरीच्या त्या चर्चमध्ये बसणाऱ्या माणसाला धर्मग्रंथ कोणत्या रूपात भेटत होता?

ऐकण्याचं पुस्तक

ज्या वर्षी अंधेरीचं चर्च उभं राहिलं, त्याच वर्षी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापून झालं. दोन भाग, मिळून १०,९६२ ओव्या. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या येण्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र.

त्याने बायबलचा सरळ अनुवाद का केला नाही? दोन कारणं एकत्र आली. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार कॅथलिकांना लोकभाषेतलं बायबल वाचायला लेखी परवानगी लागत असे. त्यामुळे अनुवादाची वाट अडचणीची होती. दुसरं कारण श्रोत्यांकडून आलं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती माणूस विचारतो की आमची जुनी पुराणं गेली, तर त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला काही द्याल की नाही? स्टीफन्सचं पुराण हे या मागणीचं उत्तर आहे. म्हणजे ग्रंथाचा प्रकार लेखकाने एकट्याने ठरवला नाही, ऐकणाऱ्यांच्या सवयीने ठरवला. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये ते मोठ्याने वाचलं जाई, आणि ही प्रथा अठराव्या शतकापर्यंत टिकली.

आता लिपी पाहा. ग्रंथ मराठीत, पण छापला रोमन अक्षरांत. स्टीफन्सला हे मनापासून नको होतं. १६०८ च्या पत्रात त्याने रोमला आपल्या वरिष्ठांकडे इथल्या लिपीचे टाइप पाडून घेण्याची इच्छा कळवली होती. ते झालं नाही. रोमन वाचता येणारे थोडेच, त्यामुळे एक वाचणार आणि शंभर ऐकणार, ही रचना आणखी पक्की झाली.

गोव्याच्या या पुराणाला आपल्या उत्तरेकडच्या साष्टीचा पुरावा मानू नका. इकडच्या, म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांच्या बोलीच्या जवळ जाणारं वेगळं पुराण होतं. फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइंश या फ्रान्सिस्कनाचं, येशूच्या दुःखसहनावर भर देणारं. ते १६५९ मध्ये लिस्बनला छापलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईतही त्याची आवृत्ती निघाली. साहित्यिक म्हणून स्टीफन्स कितीतरी मोठा, म्हणून अभ्यासक त्याच्याकडे जातात आणि वाझ कोपऱ्यात राहतो. पण तुमचा प्रश्न ‘अंधेरीच्या गावठाणात काय ऐकलं जात होतं’ असा असेल, तर साहित्यगुणांवरून पुस्तक निवडणं चुकीचं ठरेल. प्रश्न कोणता आणि पुस्तक कोणत्या लोकांसाठी, याची जोडी जुळली पाहिजे.

ख्रिस्तपुराणाची कोणती आवृत्ती घ्यायची, हाही संशोधनाचाच निर्णय आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्याचं सांगतात, पण त्यातली एकही छापील प्रत आज माहीत नाही. जे आहे ते हस्तलिखितांवरून. जे. एल. साल्डान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती काढली. शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती १९५६ ची, कारिदाद द्रागो यांची १९९६ ची, आणि फादर नेल्सन फलकाव यांची गद्य मराठी रूपांतरासह २००९ ची. शिवाय लंडनला मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे, ते जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकात उजेडात आणलं. रोमन परंपरेत जिथे पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत, तिथे या हस्तलिखितात बऱ्याचदा संस्कृत शब्द दिसतात. मूळ कोणतं आणि बदललेलं कोणतं, यावर वाद आहे. ‘स्टीफन्स कोणते शब्द वापरायचा’ असं वाक्य लिहिण्याआधी आपण कोणत्या हस्तलिखिताच्या वंशातली आवृत्ती उघडली आहे, हे सांगावंच लागेल.

वाचण्याचं पुस्तक

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मनात चित्र उलटं होतं. प्रत्येकाने स्वतः वाचावं, म्हणून आधी अनुवाद, मग छपाई, मग शाळा. विल्यम कॅरी बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. तिथून त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. कोशासाठी त्यांनी मोडी निवडली, कारण व्यवहारात लोकांच्या हातात तीच होती. कॅरींची मदार मुख्यतः नागपूरकडच्या पंडितांवर होती. त्यामुळे त्यांची मराठी कोकण-मुंबईकडच्या वाचकाला परकी वाटली.

अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि त्यांचे सहकारी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांना ही अडचण लगेच जाणवली आणि त्यांनी अनुवाद नव्याने हाती घेतला. मुंबईत मिशनचा छापखाना सुरू झाला आणि १८२६ मध्ये नवा करार पूर्ण छापून निघाला. त्याच वर्षी हॉल वारले. संपूर्ण बायबल मराठीत यायला आणखी वीसेक वर्षं गेली. या छापखान्याचा परिणाम ख्रिस्ती वाचनापुरता राहिला नाही. गणपत कृष्णाजींनी मिशनची छपाई पाहून स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्ये पंचांग छापलं. निर्णयसागरचे जावजी दादाजी टाइपाचं काम याच अमेरिकन मिशन प्रेसमध्ये शिकले. मराठी पुस्तकाचं देखणं अक्षर जिथून आलं, त्या वाटेवर बायबलची छपाई आहे.

या परंपरेत शब्दांवरून भांडणंही झाली आणि ती संशोधकासाठी सोन्याच्या खाणीसारखी आहेत. कॅरी बाप्टिस्ट होते. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवणं, असा त्यांच्या पंथाचा आग्रह. मग अनुवादात ‘बुडवणं’ असा अर्थ द्यायचा की ग्रीक शब्द तसाच ठेवायचा? बंगाली अनुवादावरून हा वाद इतका पेटला की १८३० च्या दशकात ब्रिटिश आणि अमेरिकन बायबल सोसायट्यांनी ‘बुडवणं’ वापरणाऱ्या अनुवादांना पैसे द्यायचं नाकारलं. मराठी प्रॉटेस्टंट बायबलमध्ये तुम्हाला ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीकवरून आलेला शब्द दिसतो, तर कॅथलिक मराठीत ‘स्नानसंस्कार’ रूढ आहे. एका शब्दावरून पुस्तक कोणत्या घरातलं, ते कळतं.

स्टीफन्सच्या पुराणात आणखी वेगळी तऱ्हा आहे. स्वर्गासाठी तो बिनदिक्कत ‘वैकुंठ’ म्हणतो, पण पवित्र आत्म्यासाठी लॅटिन-पोर्तुगीज धाटणीचं ‘स्पिरितु सांतु’ ठेवतो. कुठे इथला शब्द चालेल आणि कुठे अर्थ घसरेल, याचा त्याने केलेला हिशेब त्यात दिसतो. तुम्ही पुस्तक हातात घ्याल, तेव्हा स्वर्ग, पवित्र आत्मा, बाप्तिस्मा आणि पाप या चार कल्पनांना कोणते शब्द आले आहेत ते आधी वहीत उतरवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, पण प्रस्तावना वाचून मिळत नाही ती माहिती त्यातून मिळते.

ज्यांना ते पुस्तक कळलं नाही

छापलं म्हणजे पोचलं असं नाही, हे सगळ्यात स्पष्टपणे ओळखलं पंडिता रमाबाईंनी. संस्कृत त्यांच्या घरचं. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही, हे त्यांना दिसलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुली आणि बायका होत्या. त्यांच्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल स्वतः नव्याने मराठीत आणलं. जुन्या धार्मिक अर्थांचं ओझं असलेले शब्द शक्यतो टाळायचे, हा त्यांचा दंडक होता. मिशनच्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले आणि छपाई केली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, काम तेव्हा संपत आलं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यासारखं पाहा. श्रीरामपूरचा, मुंबईचा आणि केडगावचा अनुवाद एकाच ग्रंथाचे आहेत, पण तिन्हींचा गृहीत वाचक वेगळा आहे. १८११ च्या अनुवादामागे पंडित बसलेला दिसतो, १८२६ च्या मागे मुंबईचा शाळेत जाणारा मुलगा, १९२४ च्या मागे केडगावची बाई. भाषांतरातला फरक मोजताना हा घटक धरला नाही, तर ‘शंभर वर्षांत मराठी सोपी झाली’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. भाषा आपोआप सोपी झाली नव्हती. एका बाईने ती मुद्दाम सोपी केली होती.

निवड या शब्दाबद्दलही इथे थोडं थांबायला हवं. रमाबाईंचा ख्रिस्ती ग्रंथाशी पहिला जवळचा संबंध आला तो सिलचरला, नवऱ्याच्या पुस्तकांत सापडलेल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या एका बंगाली पुस्तिकेमुळे. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला आगगाडीत, एका युरोपियन सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोघांनीही दुकानात उभं राहून आवृत्त्या ताडून पाहिल्या नव्हत्या. जे हाती आलं ते वाचलं. विशेष म्हणजे रमाबाईंच्या हाती पडलेली प्रत मराठी नव्हतीच. ‘कोणी काय वाचलं’ याचा इतिहास लिहिताना कोणती प्रत कोणाच्या हातून कुठे पोचली, हे शोधावं लागतं. प्रकाशकांच्या याद्यांवरून ते कळत नाही.

टिळकांनी पुढे ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. म्हणजे स्टीफन्सनंतर तीनशे वर्षांनी एक प्रॉटेस्टंट कवी पुन्हा मोठ्याने म्हणायच्या काव्याकडे आला. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. बाकीचं बहुतेक काम लक्ष्मीबाईंनी केलं. १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचण्याच्या परंपरेला ऐकण्याची परंपरा पुन्हा भेटली ती अशी. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमधल्या भक्तीचा खरा सूर पकडायचा असेल, तर बायबलच्या शेजारी ‘उपासना संगीत’ ठेवावंच लागतं. त्यातली टिळकांची गाणी लोकांना पाठ असतात, पौलाची पत्रं नसतात.

कॅथलिक कपाट कधी भरलं?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) चित्र बदललं. मिस्सा लोकभाषेत आली आणि १९६५ मध्ये परिषदेने धर्मग्रंथ सगळ्या श्रद्धावंतांना सहज खुला असावा असं स्पष्ट म्हटलं, अनुवादात इतर पंथीयांचं सहकार्य घ्यायलाही वाव दिला. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ याच बदललेल्या हवेत उभं राहिलं. आजची बोलती मराठी, सोबत टिपा. साहित्य अकादमीनेही या कामाची दखल घेतली. २०२० मध्ये धाराशिवला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

इथे एक साधी तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६. टोबीत, यहूदीत, मक्काबी अशी जी जास्तीची पुस्तकं आहेत, ती सगळी जुन्या करारातली. शिवाय स्तोत्रांचे क्रमांक. जुनी कॅथलिक पुस्तकं लॅटिन व्हल्गेटप्रमाणे क्रमांक देतात, त्यामुळे मेंढपाळाचं जे स्तोत्र आपण तेविसावं म्हणून ओळखतो, ते त्यांच्यात बाविसावं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या प्रार्थनापुस्तकात क्रमांक चुकलाय असं वाटलं, तर आधी हे तपासा.

चिंतनासाठीची पुस्तकं

चिंतनाची पुस्तकं निवडताना संशोधक बहुधा गाफील असतो, कारण ती ‘साधी’ वाटतात. अंधेरीचंच उदाहरण घ्या. अँथनी डी मेलो मुंबईचे. १९४७ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते अंधेरीच्या विनयालयात जेझुइट उमेदवार म्हणून दाखल झाले. १९७८ चं ‘साधना’ हे त्यांचं पुस्तक जगभर पोचलं. मौन, श्वास, शरीराची जाणीव असे भारतीय साधनेचे धागे त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत आणले. १९८७ मध्ये ते गेले, आणि त्यानंतरही त्यांच्या नावावर पुस्तकं येत राहिली. १९९० चं ‘अवेअरनेस’ त्यांच्या बोलण्यावरून दुसऱ्याने संपादित केलेलं आहे. १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातल्या काही मतांबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

या वादात कुणाची बाजू घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. संशोधक म्हणून आधी दोन गोठे वेगळे करा : त्यांनी हयातीत स्वतः लिहून छापलेलं, आणि त्यांच्या मागे इतरांनी बोलण्यावरून तयार केलेलं. दोन्हींतलं वाक्य सारख्याच वजनाचं मानून उतरवलं, तर ‘डी मेलोंचं मत’ म्हणून तुम्ही कदाचित संपादकाचं मत मांडाल. आणि गंमत पाहा, चारशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे. बोललेलं, ऐकलेलं छापात येताना काय होतं?

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मी चिंतनाच्याच कप्प्यात ठेवतो. लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळाली नव्हती, तरी हे पुस्तक एका माणसाच्या धर्मांतराने घरात, स्वयंपाकात, शिवाशिवीत काय उलथापालथ झाली ते सांगतं. धर्मग्रंथ वाचून माणूस बदलतो असं आपण म्हणतो. शेजारच्या माणसावर त्याचा काय परिणाम होतो, ते इथे कळतं.

आता यादी

पुस्तक विकत घेण्याआधी किंवा ग्रंथालयात मागवण्याआधी ते पाच मिनिटं चाळा आणि एवढं तपासा.

पुस्तकांची संख्या मोजा, ६६ की ७३. त्यावरून पंथ कळेल.

मत्तय ६:१३ उघडा. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरव यांची ओळ आहे का, असली तर कंसात किंवा टिपेत आहे का, ते पाहा. मग योहानाच्या पहिल्या पत्रात ५:७-८ पाहा. स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचा उल्लेख मजकुरात असेल, तर त्यामागे जुना छापील ग्रीक पाठ असण्याची शक्यता मोठी आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनच्या चिकित्सक ग्रीक आवृत्त्यांत तो उल्लेख नाही. एवढ्यावरून अनुवाद कोणत्या पाठपरंपरेतला आहे, याचा अंदाज येतो.

मग वर सांगितलेले चार शब्द उतरवा. शेवटी एक परिच्छेद मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला ऐकवा. काही अनुवाद डोळ्यांना चांगले वाटतात, पण कानाला अडखळतात. काहींचं उलटं असतं. हे निरीक्षण वहीत तारखेसह लिहा, तो डेटा आहे.

आणि कपाट चार कप्प्यांचं करा. अभ्यासासाठी टिपा असलेलं एक आधुनिक बायबल, आणि ताडून पाहायला दुसऱ्या पंथाचं एक. म्हणजे ‘सुबोध बायबल’ आणि बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’. इतिहासासाठी रमाबाईंचा अनुवाद आणि १८२६ च्या परंपरेतली एखादी जुनी प्रत. ऐकण्याच्या परंपरेसाठी ‘ख्रिस्तपुराण’, ‘ख्रिस्तायन’, ‘उपासना संगीत’, आणि उत्तर कोकणावर काम असेल तर वाझचं पुराण. छपाईची पार्श्वभूमी समजायला अ. का. प्रियोळकरांचा १९५८ चा भारतातील मुद्रणावरचा इंग्रजी ग्रंथ. चिंतनासाठी ‘स्मृतिचित्रे’ आणि डी मेलोंचं हयातीतलं एखादं पुस्तक.

तिसऱ्या कप्प्याबद्दल एक शेवटचं. तो विकत घेऊन पूर्ण भरत नाही. गावठाणातल्या क्रूसापाशी संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना, लग्नातली गाणी, आजीला पाठ असलेली दुःखसहनाची कडवी, यातलं पुष्कळ कधी छापलंच गेलेलं नाही. परवानगी घ्या, रेकॉर्डर न्या, कोण म्हणतंय, कुणाकडून शिकलं, कोणत्या गावचं, ते लिहून घ्या. मरोळ, गोराई, भांडुपपर्यंत लोकलने आणि बसने जाता येतं. ज्यांना हे पाठ आहे त्यांची वयं पाहता, पुस्तकांची ऑर्डर पुढच्या महिन्यावर गेली तरी चालेल. हे काम आधी करा.